साहेबांना विचारण्याआधी

प्रिय मंदार,

तुझ्याकडून खिडक्या बसवून घेणाऱ्या साहेबांना 'मला प्रॉपर्टीत मार्गदर्शन कराल का?' असं विचारायचं म्हणतोस. विचार, पण असं मोघम नको. किती वेळ द्यायचा, कशासाठी, हे समोरच्याला कळत नाही. मग तो 'बघू, ये कधीतरी' म्हणतो आणि विषय तिथेच राहतो.

त्यापेक्षा एकच जागा निवड आणि एका पानाचा हिशोब घेऊन जा. समज, पुणे महापालिका हद्दीतला 45 लाखांचा जुना वन बीएचके. मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 3 लाख 15 हजार, नोंदणी फी 30 हजार. फ्लॅट पडला 48 लाख 45 हजारांना. भाडं महिना 14 हजार धरलं तर वर्षाचे 1 लाख 68 हजार. त्यातून मेंटेनन्स 30 हजार, घरपट्टी 8 हजार आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एक महिना वजा कर. तो महिना बरेच जण धरतच नाहीत. उरले 1 लाख 16 हजार, म्हणजे घातलेल्या पैशांवर वर्षाला जेमतेम 2.4 टक्के. तुलनेसाठी शेजारी गृहकर्जाचा दर लिही. त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराची किंमत दाखवणारे सरकारी उतारे) काढून जोड, म्हणजे 45 लाख हा नुसता एजंटचा आकडा राहणार नाही.

मग वीस मिनिटं माग आणि एवढंच विचार: 'तुम्ही हा किती रुपयांपर्यंत घ्याल?' ते सांगतील ते लिहून घे, त्याप्रमाणे कर, आणि महिन्याभराने काय झालं ते कळव. दुसरी भेट त्यातूनच मिळते.

तुझं बिल त्यांच्याकडे अडकलेलं असताना मात्र हा विषय काढू नकोस, दोन्हीकडून संकोच होतो. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. ते जुना फ्लॅट बघायला जातील तेव्हा खिडक्या तू तपासून दे. खालच्या ट्रॅकची पाणी जायची भोकं बुजली की पाणी आत उतरतं आणि खिडकीखालचा गिलावा फुगतो. हे तुझ्या नजरेला लगेच दिसेल.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. त्यांनी स्वतःच्याच स्कीममधला फ्लॅट सुचवला, तर त्या दिवशी ते विकणारे आहेत, हे विसरू नकोस. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्प बघ, 30 वर्षांचा सर्च (जागेच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) स्वतःच्या वकिलाकडून करून घे आणि करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नकोस. कायद्यानेही त्यांना ती घेता येत नाही.

पान तयार झालं की आधी मला पाठव. आकडे मी तपासून देतो.

तुझा,
विनय