चि. वैशूला, पश्चिमेच्या भिंतीबद्दल

चि. वैशूला,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, मिस्त्री सोमवारी घुशीने पाया पोखरलेली पश्चिमेची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत खालून मोकळी करणार आणि दोन दिवसांत पाया भरून देणार. मी ओरडले, तू फोन ठेवलास. गुडघ्याच्या टाक्यांमुळे मला अमरावतीहून हलता येत नाही, म्हणून लिहिते.

काम सुरू असेपर्यंत माजघरात झोपू नको. छपरीत झोप, नाहीतर काकूकडे जा.

पूर्ण भिंत एकदम उघडू द्यायची नाही. एकावेळी तीन-चार फूट उघडायचं, तेवढं बांधून घ्यायचं, मग मधला भाग सोडून पुढचा घ्यायचा. पहिलं काम पक्कं झाल्याशिवाय मधल्या भागाला हात लावायचा नाही. त्याआधी तुळईला बल्ल्यांचा टेकू. मिस्त्री म्हणेल वेळ लागतो. लागू दे. मृग जवळ आला म्हणून त्याची घाई आहे, पण वरची सगळी भिंत मातीची आहे, कवेलूंचं ओझं तिच्यावर आहे, आणि तू तिच्या शेजारी झोपतेस.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्या भेगांतूनच घूस शिरते. पायाचे दगड मातीतच बसवलेले, चुना नाही. सांध्यातली माती ती उकरून बाहेर फेकते. न्हाणीमागे तू जो ढिगारा पाहिलास, तो आपल्या पायातलाच माल आहे. वरून न्हाणीचं पाणी त्याच बिळात उतरतं, खालची जमीन मऊ होते आणि भिंत बसते. म्हणून आधी न्हाणीचं पाणी पाइपाने लांब काढ. ते झालं नाही तर पुढचा सगळा खर्च वाया.

तुझे बाबा नवीन काम हाती घेतलं की हातोडी उलटी धरून एकेक दगड वाजवत जायचे. भरीव असला तर टणटणीत आवाज, मागे पोकळ असलं तर ठप्प. ठप्प आला की तिथे गेरूची फुली. तूही फ्रॉकमध्ये त्यांच्या मागे पळीने दगड वाजवत फिरायचीस आणि प्रत्येक दगडावर "ठप्प" म्हणायचीस. ते हसत नसत. "दाखव बरं," म्हणत खाली बसत, पुन्हा वाजवून बघत. मी घमेलं डोक्यावर घेऊन तशीच उभी. भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवायची हेही त्यांचंच. काच तडकली तर भेग अजून चालते आहे. माजघराच्या कोपऱ्यातल्या भेगेवर आजच एक लाव. रोज बघ. आणि तिथे झोपू नको.

किती वेळा सांगशील, असं म्हणशील. बरं, आता कामाचं.

संध्याकाळी सगळी बिळं ओल्या मातीने बुजव. सकाळी जी उघडी दिसतील, तीच चालू. बिळात हात घालू नको, घुशीमागे नाग येतो. हातमोजे घाल, काठी आणि टॉर्च ठेव. धान्यात टाकायच्या त्या गोळ्या मात्र कुणी कितीही सांगितलं तरी बिळात टाकायच्या नाहीत. त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि बिळातून, भेगांतून घरात येतो. माणसं दगावली आहेत त्याने. त्यापेक्षा पिंजरा बरा. तुरीची पोती माजघरातून हलव, कुटार भिंतीपासून लांब कर. खायला मिळतं तोवर ती जाणार नाही.

बीळ शेवटपर्यंत खोदून मोकळी माती काढायची, मग दगडाच्या गिट्टीत काचेचे तुकडे मिसळून भरायचं, वर काँक्रीट. बांधकामाला एक सिमेंट, सहा रेती. नवं काम जुन्या पायाला जिथे भेटतं तिथे फट राहतेच. तिच्यात कमी पाण्याचा माल ठासून चिपा ठोकायला लाव, तू समोर उभी राहून. बोअरचं पाणी वापरू देऊ नको. आपला खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं, त्या मिठाने लोणा धरतो. मालाला आणि नंतर निदान सात दिवस शिंपायला नळाचंच पाणी. वरच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको, ओल आत कोंडून माती सुटते.

पुन्हा भाषणच झालं बघ. माफ कर. तुला कळत नाही असं मला वाटत नाही. रजा टाकून, एकटी, गवंड्यासमोर उभी राहून तू हे करून घेतेस. काकूने फोनवर सांगितलं, "वैशू मापं घेत होती, थेट भाऊजींसारखी." मी दिवसभर तेच घोळवत होते. तुझ्या दादाला वाटतं घर पाडून टाकावं. त्याचंही चुकत नसेल. पण तू दुरुस्त करू म्हणालीस तेव्हा मला किती बरं वाटलं, ते फोनवर बोलता आलं नाही.

रात्री मला मात्र भिंतच दिसते. ती कोणत्या बाजूला कलेल, तुझी खाट कुठे आहे.

टेकू लागले की फोटो पाठव. सोमवारी खोदकामाआधी मिस्त्रीला फोन दे, मी त्याच्याशी नीट बोलेन, ओरडणार नाही.

तुझी,
आई