अज्ञानाचे जुने इंग्रजी शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील इंग्रजी शब्दांच्या सदरात 'अनकाउथ' या शब्दाचा अर्थ 'असभ्य, गावंढळ' असा दिला आहे. आजच्या वापरापुरता तो बरोबरच आहे. परंतु जुन्या इंग्रजीत 'कूथ' म्हणजे ओळखीचा आणि 'उनकूथ' म्हणजे अनोळखी, एवढाच त्याचा अर्थ होता. हा शब्द ज्या क्रियापदापासून आला, ते आणि संस्कृतातील 'ज्ञा' धातू एकाच मुळाचे असल्यामुळे घडणीच्या दृष्टीने 'अनकाउथ' हा आपल्या 'अज्ञात'चा भाऊबंदच ठरतो. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये भुकेने व्याकूळ झालेल्या वृद्ध ॲडमला धीर देताना ऑर्लँडो अरण्याला हेच विशेषण लावतो. तेथे 'असभ्य' हा अर्थ घेतला तर वाक्यच हास्यास्पद होते. जो अनोळखी तो आधी विचित्र आणि मग अडाणी ठरावा, यात दोष शब्दाचा खचितच नाही.

'नाइस'चे नशीब याच्या उलट. 'न जाणणारा' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द इंग्रजीत प्रथम मूर्खासाठी वापरला जाई. पुढे चोखंदळ, काटेकोर अशा छटा घेत तो 'छान' झाला.

मला चुटपुट लागते ती 'इग्नोरेमस'ची. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'आम्हांला ठाऊक नाही' असा आहे. खटला चालवण्याइतका पुरावा नाही असे वाटल्यास इंग्लंडमधील ग्रँड ज्यूरी (खटला चालवावा की नाही हे ठरवणारे पंचमंडळ) आरोपपत्राच्या पाठीवर हा शेरा लिहीत असे. 1615 मध्ये केंब्रिज येथे राजा पहिला जेम्स याच्यासमोर जॉर्ज रगल याचे याच नावाचे लॅटिन प्रहसन झाले, त्यातील हास्यास्पद वकिलाला हे नाव होते, आणि पुढे हा शब्द अडाण्यासाठी रूढ झाला. पुराव्यावाचून कोणावर खटला चालू नये म्हणून लिहिला जाणारा शेरा अशा रीतीने शिवी बनला. ईश्वराविषयी 'आपल्याला ठाऊक नाही' ही भूमिका सन्मानाने मांडण्यासाठी इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली याने 1869 मध्ये 'ॲग्नॉस्टिक' हा नवा शब्द घडवला, तोही त्याच 'ज्ञा'च्या कुळातला.

सदराला जागा थोडी असते, हे मान्य आहे. तरी जुने इंग्रजी साहित्य अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अशा शब्दांपुढे मूळ अर्थाची एक ओळ द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा