काजव्यांचे व्हिडिओ थांबवू नयेत

रविवारच्या अंकातील भंडारदऱ्याच्या काजव्यांवरील लेखात तेथील गर्दीचा दोष समाजमाध्यमांवरील व्हिडिओंना दिला आहे, तो मला पटला नाही. असाच एक व्हिडिओ पाहून माझ्या नातीने ‘आजोबा, याला चटका बसत नाही का?’ असे विचारले आणि काजव्याच्या शरीरातील ल्युसिफेरिन हे रसायन व ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून उमटणाऱ्या या शीतल प्रकाशाविषयी आम्ही तासभर बोललो. व्हिडिओ टाकणाऱ्यांनी त्यातच एवढे सांगावे, की हे लुकलुकणे म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण असते आणि विजेरीच्या झोतात ती हरवते. गेल्या जूनमध्ये सर्वांनी मोबाइल खिशात ठेवल्यावर पाचच मिनिटांत सादड्याचे अख्खे झाड एका लयीत उजळताना मी पाहिले आहे.

— एक वाचक, नाशिक