जुनी टर्बो गाडी, थोडी जास्त ताकद आणि शाबूत इंजिन

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

गाडी घेतलीस हे वाचून आनंद झाला, आणि पुढच्याच ओळीत रिमॅपचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा (ईसीयूचा) प्रोग्राम बदलून ताकद वाढवण्याचं, नाव दिसल्यावर जरा धास्तावलो. करूच नकोस असं म्हणत नाही. पण वापरलेली टर्बो गाडी (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बहुतेक वेळा कंपनीने दिलेल्या ताकदीपेक्षा कमीच ओढत असते. आधी ती गेलेली ताकद परत आण. गळक्या इंजिनावर रिमॅप चढवला की दोषच वाढतात.

सुरुवात कॉम्प्रेशन टेस्टने, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजून, कर. इंजिन गरम, सगळे स्पार्क प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, पेट्रोल आणि इग्निशन बंद. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघ. १० टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त राहा. १५ च्या पुढे गेला तर लीकडाउन टेस्ट करून (सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून) ती कुठून निसटते ते ऐक. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. यातलं काही निघालं तर हे पत्र इथेच मिटून ठेव आणि आधी इंजिनाचं काम काढ.

मग टर्बो. इंजिन थंड असताना इनटेकचा पाइप काढ आणि कॉम्प्रेसरचं चाक बोटांनी हलव. साध्या बेअरिंगच्या टर्बोत आडवं किंचित हलणारच, कारण शाफ्ट तेलाच्या थरावर फिरतो; चाक हाउसिंगला टेकता कामा नये. पुढे-मागे हललेलं मात्र हाताला जाणवलं तर टर्बोचे दिवस भरत आले. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात तेलाचा पुसट थर असतोच, पण डबकं साचलं असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये परत सोडणारा) आणि टर्बोची सील तपास.

सगळ्यात जास्त दम जातो तो होजपाइपांतून. स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) करून घे, अंदाजाने पाइप बदलत बसू नकोस. हवा मोजणारा सेन्सर गळतीच्या अलीकडे असेल तर मोजलेली हवा वाटेतच निसटते, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि ठरलेला बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब) गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) उघडणारा ॲक्च्युएटर दाबावर चालणारा असेल तर त्याच्याकडे जाणारी बारीक नळी वाकवून बघ. तडा दिसला तर लगेच बदल. ती निसटली की वेस्टगेट उघडत नाही आणि बूस्ट बेलगाम चढतो.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने ओळीत मांड आणि भिंगाखाली धर. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढऱ्या पोर्सलिनवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे कण दिसले तर नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके) झालंय, आणि ते कण पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतात. नवे प्लग कंपनीने सांगितलेल्या गॅपचे (ठिणगीच्या टोकांमधल्या अंतराचे) घाल. बूस्ट वाढवणार असशील तर गॅप ०.६ ते ०.७ मिमीच्या आसपास आणतात, नाहीतर वाढलेल्या दाबात ठिणगी पडत नाही आणि गाडी झटके देते. गॅप करताना बाहेरची पट्टीच वाकव, इरिडियमच्या टोकाला हात लावू नकोस.

ऑइल पूर्ण सिंथेटिक, आणि दर ७,००० किमीच्या आसपास बदल. पुस्तकात दुप्पट लिहिलं असलं तरी. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन असेल तर डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी हा दर्जा बघ. तो २०२० मध्ये आला आणि कमी आरपीएमवर जोरात पेडल दाबल्यावर होणाऱ्या अवेळी ज्वलनाची चाचणी त्यात आहे. असा एक झटकासुद्धा पिस्टनची कड मोडू शकतो. याच इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण पेट्रोल त्यांना धुतच नाही. गाडी ८०,००० किमीच्या पुढे गेली असेल तर अक्रोडाच्या कवचाच्या भुशाने तो उडवून घे.

एवढं झालं की डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर लॉग, म्हणजे ईसीयूतल्या आकड्यांची नोंद, घे: तिसरा गिअर, २,५०० ते ६,००० आरपीएम, पूर्ण पेडल, लागोपाठ तीनदा. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, इनटेक तापमान, नॉकमुळे मागे घेतलेलं ठिणगीचं टायमिंग आणि फ्युएल रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब हे चार आकडे हवेत. एकाच सिलिंडरचं टायमिंग दर वेळी ४-५ अंश मागे येत असेल तर थांब. तापमान प्रत्येक फेरीला चढत गेलं तर पहिला खर्च मोठ्या इंटरकूलरवर कर. हवा तापली की ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि रिमॅपने मिळालेलं सगळं तिथेच जातं.

रिमॅप १५ ते २० टक्क्यांवर थांबव. ट्यूनरला स्पष्ट सांग की २,५०० आरपीएमच्या खाली टॉर्क आवरता ठेव. तिथे सिलिंडरमधला दाब भयंकर चढतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. गाडी सुटल्यासुटल्या अंगावर येते ती मजा याच टॉर्कची, म्हणून बरेच ट्यूनर तोच वाढवतात. सेन्सरला फसवणारे तयार डबे घेऊ नकोस. ईसीयूला खरा बूस्ट कळतच नाही. हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हही नको, आवाजापलीकडे त्यात काही नाही.

क्लच आधीच तपास. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पूर्ण पेडलवर आरपीएम चढतोय पण वेग नाही, तर तो घसरतोय. ब्रेकचं ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदल.

ऑइल ८० अंशांपर्यंत तापल्याशिवाय बूस्ट देऊ नकोस. पाण्याचा काटा मधोमध आला तरी ऑइल थंडच असतं. जोरात चालवल्यावर शेवटचे दोन-तीन किमी सावकाश चालव, म्हणजे टर्बोत तेल जळून कोळसा होत नाही.

लॉगची फाइल आणि प्लगचे फोटो पाठव. ट्यूनरला पैसे ते बघितल्यावरच दे.

तुझा,
अरविंद