साहेबांचा फ्लॅट दिसतो, शेअर दिसत नाहीत

मा. केंद्रीय कार्मिक राज्यमंत्री,
स. न. वि. वि.

आयएएस अधिकाऱ्यांनी दर ३१ जानेवारीपर्यंत भरायची स्थावर मालमत्तेची विवरणपत्रं आपलं खातं संकेतस्थळावर टाकतं, हे चांगलंच आहे. जिल्हा, तालुका, गाव, घर की जमीन, आजची किंमत, स्वतःच्या नावावर नसेल तर कुणाच्या आणि नातं काय, खरेदी, वारसा की बक्षीस, वार्षिक उत्पन्न किती. वडिलोपार्जित चार गुंठेही यातून सुटत नाहीत. पण शेअर, म्युच्युअल फंड आणि डोक्यावरचं कर्ज यांना त्यात रकानाच नाही!

एखाद्या क्षेत्राचं धोरण ज्याच्या टेबलावर ठरतं, त्याच्या घरात त्याच क्षेत्रातल्या कंपनीचे शेअर आहेत का, हे त्या चार गुंठ्यांपेक्षा जास्त मोलाचं आहे. वर्षभरातली शेअरची उलाढाल सहा महिन्यांच्या मूळ वेतनापुढे गेली की कळवावं लागतं, हे खरं. पण कळवायचं ते सरकारला. पुढे फाइल जाणे आणि कपाट जाणे.

लोकपाल कायद्याच्या कलम ४४ मध्ये मुळात हे सगळं होतं. जोडीदार आणि अवलंबून असलेल्या मुलांसह मालमत्ता, देणी आणि तीही संकेतस्थळावर. २०१६च्या जुलैत दुरुस्ती झाली आणि ‘विहित करण्यात येईल अशा नमुन्यात’ एवढंच उरलं, तेही २०१४पासून पूर्वलक्षी प्रभावाने. त्याच डिसेंबरात विवरण भरण्याची मुदत बेमुदत पुढे गेली. माहिती अधिकाराची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निकालाने आधीच अरुंद केली होती. २०२३च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने ती आणखी आवळली.

कुटुंबाच्या सुरक्षिततेचा मुद्दा मला मान्य आहे. मग घर क्रमांक, खाते क्रमांक झाका. कंपनीचं नाव आणि अंदाजे रक्कम पुरे. उमेदवारी अर्जासोबत आपणही जोडीदाराच्या दागिन्यांपर्यंतचं शपथपत्र दिलं आहे. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची विवरणंही संकेतस्थळावर आली. मग नेमणुकीने अधिकार मिळालेल्यांनाच आडोसा कशाला?

यासाठी नवा कायदा नको. कलम ४४चा नमुना विहित करा, त्यात शेअर आणि देणी घ्या, नियामक मंडळांवर नेमलेल्या सदस्यांनाही तोच लावा आणि भरलेली विवरणं संकेतस्थळावर टाका. ही अधिसूचना कधी निघेल, तेवढी तारीख कळवावी.

आपला,
एक करदाता