तुझी प्रश्नावली वाचली

नागपूर

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

साक्षरतेच्या पाहणीसाठी तू केलेली प्रश्नावली आईच्या मोबाइलवर वाचली. पहिल्याच प्रश्नाला अडलो: ‘लिहिता-वाचता येते का? हो/नाही.’ हा काढ बापा. जनगणनेतही असंच चालतं. सात वर्षांवरच्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं, असं घरच्यांनी सांगितलं की झाला तो साक्षर. समोर कागद कोणी धरत नाही. २०११ मध्ये महाराष्ट्र ८२ टक्के साक्षर ठरला तो असा.

इतवारीच्या बँकेत काउंटरवर माझी सगळी नोकरी झाली. साक्षरता मोहिमेनंतर सही करणारे वाढले, अंगठ्याचं पॅड वाळून गेलं. पण पैसे काढायची स्लिप आली की तेच लोक म्हणत, “साहेब, चष्मा घरी राहिला, तुम्हीच भरून द्या नं.” अडत ते ‘अक्षरी रक्कम’वर. १७५० हा आकडा टाकत, पण ‘एक हजार सातशे पन्नास’ काही हातून उतरत नसे. यांना कोणत्या चौकटीत टाकशील? ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची प्रौढांची पाहणी प्रत्यक्ष कामं करायला देते आणि पातळ्या लावते, ते मला पटतं. आपल्याकडे २०२२ पासूनच्या ‘उल्लास’ या केंद्राच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमामध्येही पंधरा वर्षांवरच्यांची वाचन, लेखन, संख्याज्ञानाची चाचणी होते. चांगलं आहे, पण दोन वर्षांनी त्यातलं किती उरलं, ते कोण बघतं?

हिशेबाचे प्रश्न मात्र वेगळे ठेव. मिरचीचे देठ खुडणारी एक बाई आठवड्याची मजुरी, त्यातून उचल वजा, माझं पेन उघडेपर्यंत तोंडी सांगायची. तेच कागदावर मांडून दाखवलं तर कागद परत सरकवायची. ब्राझीलमधल्या रेसिफेच्या फेरीवाल्या पोरांवरचा १९८५ चा लेख तूच पाठवला होतास नं? धंद्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर, कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत ३७. तुझी प्रश्नावली सगळी कागदावरचीच आहे.

त्यापेक्षा विचार: गेल्या आठवड्यात काय वाचावं लागलं? ते कोणी वाचून दिलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक लवकर देणार नाहीत, मुलगा-सून बाजूला असतील तर नाहीच. एकटं गाठून विचार.

दिवाळीत आलीस की कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या लिलावाला जाऊ, तिथं दोन-चार जणींशी बोलून घे. सकाळी लवकर निघावं लागेल, आत्ताच सांगून ठेवतो.

तुझा,
बाबा