सुहासच्या डोक्याबद्दल

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

टक्कल पडतंय की काय, या धास्तीने तू पाठवलेला डोक्याचा फोटो सलूनच्या दुकानातच पाहिला. ओले केस, वर ट्यूबलाइट आणि मोबाइल थेट माथ्यावर धरलेला. असा फोटो काढला तर जटावाल्या बुवांचीही टाळू दिसेल.

तुझ्या डोक्यावर भोवरे दोन आहेत. जावळ काढताना आजीने ते पाहिले आणि "याची दोन लग्नं होणार" म्हणून घरभर सांगत सुटली. भोवऱ्यापाशी केस गोल फिरून चहूकडे पांगतात, म्हणून मधे कातडीचा ठिपका उघडा राहतो. तुझा तो ठिपका जन्मापासूनचा आहे. टक्कलही पुष्कळदा तिथूनच सुरू होतं, म्हणून घोटाळा होतो. पण टकलाचा ठिपका वाढत जातो आणि त्याच्या कडेचे केस बारीक, आखूड, फिके होत जातात.

जाडी बघायची, ही खरी खूण. खानदानी टकलात पुरुषी हार्मोनमुळे केसाचं मूळ आक्रसत जातं आणि दर वेळी उगवणारा केस आधीपेक्षा बारीक येतो. मानेवरच्या केसांना मात्र सहसा काही होत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाचा मानेवरचा केस आणि कपाळावरचा केस चिमटीत धरून बघतो. दोन्ही सारखे जाड लागले तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

आता कपाळाचं. पोराची केसांची रेघ खाली आणि गोलसर असते. सतरा-अठरापासून पुढे पुष्कळांची ती आडव्या बोटाएवढी वर सरकते, दोन्ही बाजूंनी साधारण सारखी, आणि तिथेच थांबते. भुवया उंचावून सगळ्यात वरची आठी बघ, तिच्यापासून आडव्या बोटाएवढी वर रेघ असेल तर ते मोठं होणं आहे. डॉक्टर लोक वापरतात तो टकलाचा तक्ता हॅमिल्टनने १९५१ मध्ये मांडला आणि नॉर्वूडने १९७५ मध्ये सुधारला. त्यातल्या दुसऱ्या चित्रातही कोपरे जरासे मागे गेलेले आहेत, पण तेवढ्यावरून कुणाला टकल्या म्हणत नाहीत. कोपरे खोल जाऊन मधे केसांचं बेट उरायला लागलं, तर मात्र दखल घ्यायची.

उशीवरच्या केसांचं म्हणशील, तर दिवसाला पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच जातात. टोकाला पांढरी गाठ दिसली म्हणजे मूळ उपटून आलं असं नाही, मुदत संपलेला केस तसाच गळतो. शिवाय गणपतीत तुला डेंग्यू झाला होता. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झुबक्याने गळतात, आणि सहसा सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते. होस्टेलच्या बोअरच्या पाण्यावर राग काढू नकोस. त्याने केस राठ होतील, पण कपाळाची रेघ मागे जायची नाही.

आईच्या वडिलांना टक्कल होतं म्हणून तुलाही पडणार, हेही अर्धंच खरं. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, पण बाकीची कितीतरी दोन्हीकडून येतात. पडेलही उद्या, नाही कशाला म्हणू.

रूममेटने सांगितलेलं मिनॉक्सिडिल, म्हणजे केस उगवायला डोक्याला लावायचं औषध, मनाने लावू नकोस. सुरुवातीला गळती वाढते, आणि सोडलं की आलेले केसही जातात. टकलावरची फिनास्टेराइडची गोळी तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नकोच. दर तीन महिन्यांनी कोरड्या केसांचा, खिडकीच्या उजेडात, एकाच जागी उभं राहून फोटो काढ. दोन फोटोंत फरक दिसला तर ससूनच्या त्वचारोग विभागात दाखव. मधेच कुठे रुपयाएवढी गुळगुळीत चाई दिसली, तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच जायचं.

आणि तिकडच्या सलूनमध्ये माथ्यावर मशीन लावू देऊ नकोस. भोवऱ्यावरचे केस आखूड केले की उभे राहतात आणि कातडी जास्तच दिसते. कात्रीने कापायला सांग, दोन बोटं लांबी ठेवून.

तुझा,
अण्णा